पडद्यावरील उतारा हाती कसा पडतो?

मृगाच्या आगेमागे शेतकऱ्याच्या घरी दोन कामांची एकदमच घाई उडते. एकीकडे बी-बियाणे, खते व औते यांची जुळवाजुळव चालू असते, तर दुसरीकडे पीककर्ज, पीकविमा व निरनिराळ्या योजना यांच्या अर्जांना जोडावयाचे कागद गोळा करावयाचे असतात. गाव नमुना 7 व 12 मिळून होणारा सातबारा, गाव नमुना 8-अ चा खातेउतारा, आणि 2015 सालापासून देशभर दिली जाणारी मृद् आरोग्य पत्रिका हे कागद आता संकेतस्थळावरून फोनवर उतरवून घेता येतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपये शुल्क भरून घरबसल्या मिळतो. तालुक्याची खेप, एस.टी.चे भाडे आणि एका दिवसाची मजुरी वाचते, हा लाभ लहान नव्हे.

परंतु हा लाभ पदरात पडण्यापूर्वी अनेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक निवडला, शुल्क भरले, 'डाउनलोड' असे लिहिलेले बटण दाबले, पडद्यावर चाक फिरले आणि थांबले. फाईल मात्र कोठेच दिसत नाही. अशा वेळी शेतकरी बहुधा दोनपैकी एक मार्ग धरतो. एक तर तो तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतो व कित्येकदा शुल्कही पुन्हा भरतो. नाही तर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी इसमाच्या हाती फोन देऊन ओटीपीही सांगून टाकतो. पहिल्या मार्गाने पैसा व वेळ जातो. दुसऱ्याने बँकेतील सर्व शिल्लक जाण्याचा धोका संभवतो. अर्जाची मुदत त्याच सायंकाळी संपत असेल, तर नुकसान एका उताऱ्यापुरते राहत नाही, संपूर्ण हंगामाचे होते. यास्तव फाईल सर्व्हरपासून फोनपर्यंत कशी येते आणि वाटेत कोठे अडते, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने एकदा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

एकसंध पानाची जुनी रीत

संकेतस्थळांची आजची रचना टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत 1989 ते 1991 या काळात घातलेल्या पायावर उभी आहे. त्या मूळ रचनेत पान एकसंध असे. वाचकाने दुवा दाबला की ब्राउझर दूरच्या सर्व्हरकडे मागणी करी, आणि सर्व्हर उत्तरादाखल पूर्ण पान अथवा पूर्ण फाईल पाठवी. प्रत्येक उत्तरासोबत काही सूचना जोडलेल्या असतात. बाजारात जाणाऱ्या पोत्याला बांधलेल्या चिठ्ठीवर माल कोणता आणि कोठे उतरवावयाचा हे लिहिलेले असते, तसाच हा प्रकार आहे. चिठ्ठीवर 'संलग्नक' या अर्थाची सूचना असली म्हणजे ब्राउझर ती वस्तू पडद्यावर न मांडता थेट साठवणीत टाकतो आणि चिठ्ठीवर सुचविलेले नाव तिला देतो.

या रीतीत मागणी करणारा ब्राउझर, माल उतरवून घेणारा ब्राउझर, आणि साठविणाराही ब्राउझरच असतो. म्हणून दुवा दाबला की डाउनलोड सहसा सुरू होते. ही रीत आजही चालू आहे व ती सर्वांत भरवशाची आहे.

तुकड्यातुकड्याने भरणारे पान

पुढे पानाची घडण बदलली. 1999 साली इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या पाचव्या आवृत्तीत, पान जागचे न हलविता पानातील जावास्क्रिप्टला पडद्याआडून सर्व्हरकडे माहिती मागता येईल अशी सोय झाली. 2004 साली आलेले जीमेल व 2005 साली आलेले गूगल मॅप्स यांनी तिचा मोठा उपयोग केला. फेब्रुवारी 2005 मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीस 'एजॅक्स' हे नाव दिले.

या पद्धतीचा फायदा सातबाऱ्याच्या उदाहरणावरून चटकन ध्यानात येतो. महाराष्ट्रात 36 जिल्हे आणि चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. सर्व गावांची यादी प्रत्येक फोनवर पाठवावयाची म्हटली तर दुर्बळ सिग्नल असलेल्या वाडीवस्तीवर पान उघडणेच कठीण होईल. त्याऐवजी प्रथम जिल्ह्यांची यादी येते. जिल्हा निवडल्यावर तेवढ्याच जिल्ह्यातील तालुके येतात. तालुका निवडल्यावर तेथील गावे येतात. सर्व शेतात पाणी न सोडता ज्या वाफ्यास पाणी हवे त्याचेच बारे फोडावे, तसे हे आहे. बाकीचे पान जसेच्या तसे राहते व नवा तुकडा तेवढा त्यात येऊन बसतो. उतारा डाउनलोड करण्याचे बटण हाही पुष्कळदा असा मागाहून आलेला तुकडाच असतो. अडचणीचे मूळ येथेच आहे.

खळ्यात आले, कणगीत गेले नाही

जावास्क्रिप्टने पडद्याआडून मागितलेली वस्तू जावास्क्रिप्टच्याच हाती पडते. ती ब्राउझरच्या साठवणीत आपोआप जात नाही. सर्व्हरने चिठ्ठीवर 'संलग्नक' अशी सूचना लिहिली असली तरीही या वाटेने आलेल्या मालास ती लागू पडत नाही. उतारा सर्व्हरवरून निघतो, फोनपर्यंत पोहोचतो, इंटरनेटचा डेटाही खर्च होतो. परंतु तो पानाच्या तात्पुरत्या स्मृतीत पडून राहतो व पान बंद होताच नाहीसा होतो. धान्य खळ्यात आले पण कणगीत भरले गेले नाही, अशी ही अवस्था आहे. शेतकऱ्यास मात्र 'काहीच झाले नाही' एवढेच दिसते.

पान तयार करणाऱ्याने यावर दोन उपाय योजावयाचे असतात. पहिल्या उपायात स्मृतीतील माहितीचा 'ब्लॉब' नावाचा एक गठ्ठा बांधतात, त्या गठ्ठ्यास ब्राउझरकडून तात्पुरता पत्ता घेतात, त्या पत्त्याचा एक दुवा तयार करून त्यास 'डाउनलोड' हा गुणधर्म व फाईलचे नाव देतात, आणि तो दुवा जावास्क्रिप्टकडूनच दाबला जाईल अशी व्यवस्था करतात. ब्राउझरला ही नेहमीच्या दुव्यासारखी मागणी वाटते व तो फाईल साठवितो. काम झाल्यावर तो तात्पुरता पत्ता मोकळा करावा लागतो. न केल्यास गठ्ठा स्मृती अडवून बसतो.

दुसरा उपाय अधिक साधा आहे. जावास्क्रिप्टने फाईल स्वतः आणूच नये. तिने उतारा तयार करण्याची विनंती करावी, तयार झालेल्या फाईलचा पत्ता तेवढा मागून घ्यावा, आणि पुढील काम त्या पत्त्याच्या साध्या दुव्याद्वारे ब्राउझरवर सोपवावे. यात फाईल आधी संपूर्णपणे स्मृतीत भरून ठेवावी लागत नाही, म्हणून कमी क्षमतेच्या फोनवरही काम होते. डाउनलोड किती झाले ते सूचनापट्टीत दिसते. सर्व्हरने तशी सोय ठेवली असल्यास मध्येच तुटलेले डाउनलोड पुढे चालूही करता येते. मोठे नकाशे व बऱ्याच पानांचे अहवाल यांसाठी हाच मार्ग श्रेयस्कर होय.

'डाउनलोड' या गुणधर्मास एक मर्यादा आहे. फाईलचा पत्ता पानाच्याच संकेतस्थळावरील असेल, किंवा वर सांगितलेला तात्पुरता पत्ता असेल, तरच ब्राउझर त्या गुणधर्माची दखल घेतो. फाईल दुसऱ्याच संकेतस्थळावर ठेवलेली असली व तेथील सर्व्हरने 'संलग्नक' ही सूचना दिलेली नसली, तर पीडीएफ साठविली जाण्याऐवजी पडद्यावर उघडू शकते. अशा वेळी उतारा मिळाला नाही असे समजू नये. उघडलेल्या पीडीएफच्या वरील बाजूस असलेल्या खुणेने ती साठवून घ्यावी. आयफोनवर 'शेअर' ही खूण दाबून फाइल्समध्ये जतन करण्याचा पर्याय निवडावा.

मुके बटण

कधी कधी बटण दिसते, पण दाबल्यावर चाकही फिरत नाही. याचे कारण निराळे आहे. बटण दाबल्यावर काय करावयाचे, हे पान प्रथम उघडताना जावास्क्रिप्टने ठरविलेले असते. त्या वेळी जी बटणे हजर असतील त्यांनाच ही जोडणी मिळते. सकाळी हजेरी घेऊन मुकादम निघून गेला, तर दुपारी आलेल्या मजुराचे नाव हजेरीपटावर चढत नाही. मागाहून आलेल्या बटणाचीही गत तीच होते. उपाय असा की, जोडणी एकेका बटणावर न करता त्या बटणांना सामावून घेणाऱ्या, पानात पहिल्यापासून असलेल्या चौकटीवर करावी. मुकादम शेताच्या तोंडाशीच बसून राहिला म्हणजे केव्हाही आलेला मजूर त्याच्या नजरेतून सुटत नाही.

याच जातीचा आणखी एक दोष आहे. नव्या तुकड्यासोबत आलेली जावास्क्रिप्ट केवळ मजकूर म्हणून पानात घातली गेली, तर ब्राउझर ती चालवीत नाही. बटण दिसते, पण त्यामागील यंत्र सुरूच झालेले नसते. हे दोन्ही दोष शेतकऱ्याच्या हातून दुरुस्त होणारे नव्हेत. पान पुन्हा उघडून पाहावे. तरीही बटण मुकेच राहिल्यास संबंधित कार्यालयास कळवावे.

ब्राउझरचा पहारा

फाईल उतरविण्याचे स्वातंत्र्य पानाला सरसकट दिले, तर कोणतेही लबाड पान न विचारता फोनमध्ये वाटेल ते आणून टाकील. म्हणून ब्राउझर पहारा ठेवतो, आणि हा पहारा कधी कधी योग्य मालासही अडवितो.

काही पाने फाईल नव्या खिडकीत उघडतात. अशी खिडकी माणसाने स्वतः बटण दाबल्यानंतर अल्पावधीतच उघडली जावी, असा ब्राउझरचा दंडक आहे. क्रोममध्ये ही मुदत सुमारे 5 सेकंदांची असते. सर्व्हरला उतारा तयार करण्यास अर्धा मिनिट लागला, तर तोपर्यंत ती परवानगी संपलेली असते व खिडकी अडविली जाते. पडद्याच्या वर किंवा खाली 'पॉप-अप रोखले' अशी बारीक सूचना येते आणि ती नजरेतून सुटते. ओळखीच्या शासकीय संकेतस्थळावर त्या वेळेपुरती परवानगी देण्यास हरकत नाही.

एकामागून एक अनेक फाईली आपोआप उतरू लागल्यास क्रोम परवानगी विचारतो. चार गटांचे चार उतारे एका बटणाने मागितले व पहिलाच मिळाला, तर हे कारण तपासावे. तसेच 2020 सालापासून, क्रोमच्या 83व्या आवृत्तीपासून, पानाच्या आत बसविलेल्या बंदिस्त चौकटीस डाउनलोडची स्पष्ट मुभा दिलेली नसेल तर तिच्यातून फाईल उतरत नाही. सुरक्षित म्हणजे एचटीटीपीएस पानावरून असुरक्षित पत्त्यावरील फाईल उतरविणेही क्रोमने त्याच वर्षापासून टप्प्याटप्प्याने बंद केले. पूर्वी बिनतक्रार चालणारी जुनी पाने एकाएकी अडू लागली, त्यामागे हे एक कारण आहे.

आणखी एक अडथळा खेड्यात विशेष आढळतो. समाजमाध्यमाच्या ॲपमधील दुवा दाबला की पान पुष्कळदा त्या ॲपच्या पोटातच उघडते, खऱ्या ब्राउझरमध्ये नव्हे. अँड्रॉइडवर अशा अंतर्गत पडद्यास फाईल स्वीकारण्याची व्यवस्था ॲप करणाऱ्याने मुद्दाम पुरवावी लागते. ती नसल्यास बटण कितीही दाबले तरी फाईल येत नाही. तात्पुरत्या पत्त्यावरील ब्लॉबच्या बाबतीत तर ही अडचण हमखास येते. अशा वेळी कोपऱ्यातील तीन टिंबे दाबून तेच पान ब्राउझरमध्ये उघडावे आणि तेथे नव्याने प्रवेश करावा.

फाईल आली, पण उघडत नाही

काही वेळा फाईल येते, परंतु 'फाईल खराब आहे' असा संदेश दिसतो. याचे वारंवार आढळणारे एक कारण म्हणजे प्रवेशाची मुदत संपणे. पान बराच वेळ उघडे राहिले की सर्व्हर आपला प्रवेश रद्द करतो. त्यानंतर उतारा मागितला तर तो उताऱ्याऐवजी 'पुन्हा प्रवेश करा' असे सांगणारे पान पाठवितो, आणि निष्काळजीपणे लिहिलेली जावास्क्रिप्ट त्याच पानाला पीडीएफ असे नाव देऊन साठविते. पोत्यावर गव्हाची चिठ्ठी आणि आत भुसा, असा हा प्रकार होय.

तो ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या पीडीएफच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे 'पीडीएफ' ही रोमन अक्षरे असतात. मजकूर दाखविणाऱ्या साध्या ॲपमध्ये फाईल उघडून पहिली ओळ पाहिली की निर्णय होतो. फाईलचा आकार शून्य असेल तर ती रिकामीच आली असे समजावे. दोन्ही प्रसंगी पुन्हा प्रवेश करून उतारा नव्याने मागावा.

कार्यकर्त्याने करावयाची तपासणी

शेतकरी तक्रार घेऊन आला असता पुढील क्रमाने तपासणी करावी.

1. प्रथम फोनमधील 'डाउनलोड' हा कप्पा उघडावा. एकाच नावाच्या व पुढे कंसात 1, 2, 3 असे आकडे असलेल्या फाईली आढळल्या, तर उतारा पहिल्याच वेळी आलेला असून बटण पुन्हा पुन्हा दाबले गेले आहे असे समजावे.

2. फोनमध्ये मोकळी जागा आहे की नाही ते पाहावे. जागा भरलेली असल्यास फाईल अर्ध्यावर थांबते.

3. पान ॲपच्या पोटात उघडले आहे की ब्राउझरमध्ये, याची खात्री करावी.

4. पॉप-अप अथवा अनेक डाउनलोड रोखल्याची सूचना आली आहे काय, ते पाहावे.

5. बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा व बटण एकदाच दाबून थांबावे.

6. शुल्क पुन्हा भरण्यापूर्वी संकेतस्थळावरील मागील व्यवहारांची नोंद व बँकेचा संदेश तपासावा. पैसे जमा झाले असल्यास तोच उतारा तेथून मिळतो का, हे आधी पाहावे.

7. इतके करूनही काम न झाल्यास तारीख, वेळ, ब्राउझरचे नाव, व्यवहार क्रमांक आणि पडद्यावरील संदेश लिहून कार्यालयास कळवावे. 'डाउनलोड होत नाही' एवढ्याच तक्रारीवरून दोष शोधता येत नाही. पडद्याचे चित्र पाठविताना त्यात ओटीपी किंवा आधार क्रमांक दिसणार नाही याची दक्षता घ्यावी.

ज्या कार्यालयांत अशी पाने तयार करवून घेतली जातात, तेथेही काही गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. उतारा तयार होत असताना तसे मराठीत स्पष्ट लिहिलेले दिसावे व तोपर्यंत बटण बंद राहावे. फाईल तयार झाल्यावर तिचा साधा दुवाही पानावर द्यावा, म्हणजे आपोआप डाउनलोड न झाल्यास शेतकरी तो स्वतः दाबू शकेल. फाईलच्या नावात गाव व गट क्रमांक असावा. पानाची चाचणी कार्यालयातील वेगवान जोडणीवर न करता स्वस्त फोनवर व दुर्बळ सिग्नलवर करावी.

सावधगिरी

फाईल उतरत नाही म्हणून वैतागलेला माणूस फसविण्यास सोपा असतो. शासकीय योजनांच्या नावाने, विशेषतः पीएम-किसान योजनेच्या नावाने, बनावट दुवे व एपीके फाईली पसरविल्या गेल्या आहेत. उतारा, पत्रिका किंवा पावती ही वाचावयाची फाईल असते. ती फोनमध्ये 'इन्स्टॉल' करावी लागत नाही. एपीके ही मात्र ॲप बसविण्याची फाईल होय. उताऱ्याच्या नावाखाली एपीके आल्यास ती उघडू नये, तत्काळ पुसून टाकावी.

संकेतस्थळाचा पत्ता वाचताना एचटीटीपीएस नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून, पुढील पहिल्या तिरप्या रेघेच्या लगत आधी काय आहे ते पाहावे. तेथे 'डॉट गव्ह डॉट इन' असल्यास ते शासकीय संकेतस्थळ होय. ही अक्षरे पत्त्यात अन्यत्र कोठेतरी घुसडलेली असल्यास संशय घ्यावा. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर तक्रार होते, तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक असते.

शेवटची सूचना साठवणीविषयी आहे. डिजिटल स्वाक्षरीस माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 अन्वये मान्यता आहे. परंतु ती स्वाक्षरी फाईलमध्ये असते, पडद्याच्या छायाचित्रात ती उतरत नाही. म्हणून मूळ पीडीएफ पुसू नये. ती आपल्याच दुसऱ्या विश्वासू ठिकाणी, उदाहरणार्थ घरातील अन्य माणसाच्या फोनवर, ठेवून द्यावी. छापील प्रतीवर पडताळणी क्रमांक असल्यास तो स्पष्ट उमटला आहे की नाही, हे अर्ज देण्यापूर्वीच पाहावे.

पेरणीचे बियाणे मृग बरसल्यावर कोणी शोधू लागत नाही. ते आधीच घरात आणून उगवणशक्ती तपासून ठेवलेले असते. कागदांचीही तीच शिस्त राखली पाहिजे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यातच गावोगाव एखादी सायंकाळ या कामासाठी राखून ठेवावी, प्रत्येक शेतकऱ्याकडून त्याचा उतारा त्याच्याच फोनवर, त्याच्याच हाताने उतरवून घ्यावा, आणि तो उघडतो याची खात्री करावी. एकदा स्वतःच्या हाताने काम करता आले, म्हणजे मुदतीच्या दिवशी फोन व ओटीपी परक्याच्या हाती देण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.